'रद्द करा' दाबलं तरी न सुटणारा फॉर्म

पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या छोट्या कंपनीत लागलात, तर सी शार्पमधल्या जुन्या विंडोज फॉर्म्सशी गाठ पडणारच. माझी सभासद नोंदणीच्या फॉर्मशी पडली. आयएफएससीच्या (बँक शाखेच्या कोडच्या) रकान्यावर चोख तपासणी होती: एकूण ११ अक्षरं, पहिली चार इंग्रजी, पाचव्या जागी शून्य. पण सभासद पासबुक घरी विसरून आला की ऑपरेटरची पंचाईत. अर्धवट कोड टाकून 'रद्द करा' दाबलं की 'कोड चुकीचा आहे' असा इशारा, आणि कर्सर पुन्हा तिथेच. शेवटी ऑपरेटर नियमात बसेल असा कुठलातरी कोड ठोकून सुटका करून घ्यायचे. घाईत त्यावर 'जतन करा' दाबलं गेलं, की खोटा कोड कायमचा आत! कडक तपासणीनंच कचरा गोळा केला.

आत काय घडतं ते बघा. बटणावर क्लिक केलं की आधी फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, तिकडे जाऊ लागतो. रकाना सोडताना 'व्हॅलिडेटिंग' हा तपासणीचा इव्हेंट चालतो, तो फोकस अडवतो, आणि बटणाचा क्लिक इव्हेंट चालतच नाही. त्यामुळे क्लिकच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट (कोड थांबवून बघायची खूण) लावून बसू नका, तिथे काही थांबणार नाही.

उपाय एका ओळीचा वाटतो: रद्दच्या बटणाचं 'कॉजेसव्हॅलिडेशन' (बटणाकडे जाताना तपासणी व्हावी की नाही हे ठरवणारी सेटिंग) फॉल्स करा. नवे लोक इथेच थांबतात. फॉर्म 'शोडायलॉग'नं, म्हणजे मोडल (तो बंद होईपर्यंत बाकीच्या खिडक्या अडवून ठेवणारा) उघडला असेल तर भागतं, कारण मोडल फॉर्म बंद होताना तपासणी होत नाही. साध्या 'शो'नं उघडला असेल, तर क्लिकमधलं 'क्लोज' किंवा कोपऱ्यातली फुलीसुद्धा पुन्हा तपासणी लावते. तिथे फॉर्म बंद होतानाच्या 'फॉर्मक्लोजिंग' इव्हेंटमध्ये ई.कॅन्सल (बंद होणं अडवणारं मूल्य) फॉल्स करावं लागतं. अर्थात, मग न जतन केलेली माहिती जाते. बरंच काही भरलेलं असेल तर आधी विचारून घ्या.

मला स्वतःला रकान्यात अडवणंच पटत नाही. फॉर्मच्या 'ऑटोव्हॅलिडेट'ला 'एनेबलअलाउफोकसचेंज' द्या, म्हणजे तपासणी होते पण फोकस अडत नाही (डॉटनेट २.० पासून आहे), चुकीच्या रकान्याशेजारी 'एररप्रोव्हायडर'ची लाल खूण दाखवा, आणि खरी अडवणूक 'जतन करा'मध्ये सगळे रकाने तपासणारं 'व्हॅलिडेटचिल्ड्रन' बोलावून करा.

वेबवर दुखणं तेच, कारण वेगळं. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते सबमिट, म्हणजे फॉर्म पाठवणारं, धरलं जातं, म्हणून रद्दच्या बटणाला टाइप 'बटन' द्या. रद्द केल्याचं सर्व्हरला कळवायचंच असेल, तर सबमिट राहू द्या आणि तपासणी टाळणारं 'फॉर्मनोव्हॅलिडेट' लावा.