अमेरिकेतला १८५० पूर्वीचा पूर्वज: जनगणना आणि जमिनीच्या दस्तांतून शोध

१८५० च्या अमेरिकन जनगणनेत घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचे नाव, वय आणि जन्माचे राज्य मिळते. १८४० च्या पानावर मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते आणि पुढे नुसते आकडे. बहुतेकांचा शोध इथे अडतो, कारण एकाच काउंटीत (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) त्याच नावाचे तीन-चार जण निघतात. तेव्हा जमिनीचे दस्त उघडावे लागतात. नाव दोघांचे एक असेल, पण ओढ्याकाठचे तेच दोनशे एकर एकाच वेळी दोघांच्या ताब्यात नसतात. जनगणनेवरून माणूस कधी, कुठे होता ते ठरवायचे आणि तो कोणाचा कोण, हे जमिनीच्या कागदांवरून काढायचे.

सुरुवात नेहमी अलीकडून करा. १८८० च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान लिहिलेले असते. (१८९० चे कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि नंतर जवळजवळ सगळे गेले, त्यात वेळ घालवू नका.) १८५०, १८६० आणि १८७० मध्ये स्थावर मालमत्तेच्या किमतीचा रकाना आहे. तिथे आकडा असेल तर जमीन आली कशी, याचा कागद कुठेतरी असायला हवा. रकाना रिकामा असेल तर माणूस कुळ म्हणून राबत असेल किंवा जमीन अजून बापाच्या नावावर असेल. मुलांची जन्मस्थानेही पाहा. थोरला १८३८ मध्ये केंटकीत आणि धाकटा १८४१ मध्ये मिसूरीत जन्मला असेल, तर स्थलांतराची तीन वर्षे हाती आली.

आता १८४० आणि त्याआधीची पाने. इथे वयोगटांचे गणित करावे लागते. १८०० आणि १८१० मध्ये गट होते १० खालील, १० ते १६, १६ ते २६, २६ ते ४५ आणि ४५ च्या पुढचे. १८३० आणि १८४० मध्ये वीस वर्षांपर्यंत पाच-पाच वर्षांचे आणि पुढे दहा-दहा वर्षांचे गट आले. समजा, माणूस १८३० मध्ये ४० ते ५० च्या गटात आहे, म्हणजे जन्म १७८० ते १७९०. तोच १८१० मध्ये १६ ते २६ मध्ये सापडला, तर जन्म १७८४ ते १७९४. दोन्ही जुळवले की १७८४ ते १७९० उरते. प्रत्येक जनगणनेसाठी असा पट्टा कागदावर मांडा. ज्या नावाचा पट्टा जुळत नाही, तो आपला माणूस नव्हे. दोन खड्डे लक्षात ठेवा. १८२० मध्ये १६ ते १८ वयाच्या गोऱ्या मुलग्यांचा वेगळा रकाना आहे, पण तीच मुले १६ ते २६ मध्येही मोजली आहेत, त्यामुळे सरळ बेरीज केली तर घरात एक माणूस जास्त होतो. दुसरे, घरातला सर्वांत वयस्क पुरुष म्हणजे कुटुंबप्रमुखच असे नाही. तो सासराही असू शकतो.

१७९० च्या डेलावेअर, जॉर्जिया, केंटकी, न्यू जर्सी, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या याद्या उपलब्ध नाहीत. व्हर्जिनियासाठी राज्याने केलेल्या १७८२ ते १७८५ च्या याद्यांवर काम भागवतात. काही ठिकाणी गणनदाराने पक्की प्रत करताना नावे वर्णानुक्रमे लावली. अशा यादीत शेजारी-शेजारी आलेली नावे शेजारी नसतात, तेव्हा त्यावरून नाते जोडू नका. यादी घरांच्या क्रमाने असेल, तर मात्र आपल्या माणसाच्या वरची आणि खालची दहा-बारा नावे उतरवून घ्या. पुढे हीच नावे दस्तांवर साक्षीदार म्हणून भेटतात.

दस्तांकडे वळण्याआधी काउंटीच्या सीमा तपासा. घर जागचे हलले नाही तरी काउंटी बदलत राहिल्या. जुना दस्त ज्या काउंटीत नोंदला गेला तिथेच राहतो, नव्या काउंटीच्या कचेरीत तो मिळत नाही. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने तयार केलेला ऐतिहासिक काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह यासाठी उत्तम आहे. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँटमध्ये दस्त काउंटीत नव्हे, टाउनच्या कचेरीत नोंदतात.

मग पाहायचे, की राज्य कोणत्या प्रकारचे आहे. मूळ तेरा वसाहती, त्यांच्यातून निघालेली मेन, व्हरमाँट, केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया ही राज्ये आणि टेक्सस व हवाई इथे जमिनीचे पहिले वाटप संघीय सरकारने केले नाही. ते कागद त्या-त्या राज्याच्या अभिलेखागारात आहेत. उरलेल्या ३० राज्यांत पहिला मालक संघीय सरकारकडून पेटंट, म्हणजे जमीन दिल्याचा सरकारी कागद, घेई. १७८५ च्या कायद्याने तिथे जमीन सहा मैल चौरस टाउनशिपमध्ये आणि प्रत्येक टाउनशिप ६४० एकरांच्या ३६ सेक्शनमध्ये विभागली. वर्णन शेवटाकडून वाचायचे: आधी रेंज (टाउनशिपची उभी रांग) आणि टाउनशिप, मग सेक्शन, मग त्याचा चौथा भाग. चौथ्याचा चौथा भाग म्हणजे ४० एकर. ही पेटंटे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय जमीन-खात्याच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स संकेतस्थळावर नावाने शोधता येतात, मोफत. तिथे दिसतो तो फक्त पहिला मालक. त्याने पुढे कोणाला विकली ते काउंटीतच बघावे लागते. पेटंटची तारीखही फसवी असते, कारण माणूस त्याआधी काही वर्षे तिथे राहत असू शकतो किंवा तो नुसता सट्टेबाज असू शकतो.

पेटंटवर थांबू नका, नॅशनल आर्काइव्हजमधली त्यामागची फाइल मागवा. १८२० नंतर एकरी सव्वा डॉलर रोख भरून घेतलेल्या जमिनीची फाइल पातळ असते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखालची जाड असते: १६० एकर, पाच वर्षांचा रहिवास, साक्षीदारांचे जबाब, कुटुंबाची माणसे आणि परदेशी जन्म असेल तर नागरिकत्वाचे कागद. ज्यांचा दावा फसला त्यांच्याही फाइली आहेत, पण पेटंटच्या शोधात त्या दिसत नाहीत.

काउंटीच्या दस्तांत दोन सूच्या असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. आपल्या आडनावाच्या दोन्ही पूर्ण उतरवा आणि प्रत्येक तुकड्याचा हिशेब लावा: आला कसा, गेला कसा. सगळ्यात कामाची फट इथेच सापडते. विकल्याची नोंद आहे पण घेतल्याची नाही, तर जमीन वारसाने, बायकोकडून किंवा थेट सरकारकडून आली असणार. मग तोच ओढा, तेच एकर आधी कोणाच्या नावावर होते ते शोधा. तिथे बाप किंवा सासरा मिळण्याची शक्यता मोठी. उलट, घेतल्याची नोंद आहे पण विकल्याची नाही, तर मृत्युपत्र, वाटप किंवा वारसांची हक्कसोड बघा. चार-पाच जोडप्यांनी मिळून एकाच जमिनीचा हक्क सोडला असेल, तर लेकी-जावयांची यादीच मिळाली. व्हर्जिनियात १७८० च्या दशकापर्यंत मृत्युपत्राविना जमीन थोरल्या मुलाकडे जाई. त्यामुळे मृत्युपत्रात थोरल्याचे नाव नसले तरी तो नव्हताच असे मानू नका.

दस्त वाचताना काही गोष्टी चकवतात. एक वर्षाचा भाडेपट्टा पाच शिलिंगांना आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीची मोठी रक्कम, हे भाडे नव्हे. खरेदीचीच ती जुनी दोन-कागदी रीत. ज्युनिअर आणि सीनिअर म्हणजे बापलेकच असे नाही. गावातले एकाच नावाचे लहान-मोठे एवढेच. १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला लागे, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची तारीख १७३१/३२ अशी दिसते. ती आहे तशी उतरवा. जुन्या हस्ताक्षरात एकापुढे एक आलेल्या दोन एसपैकी पहिला एफसारखा लिहीत, त्यामुळे सूचीत 'जेसी' (Jesse) भलत्याच नावाखाली जातो. नवऱ्याने विकलेल्या जमिनीवरचा हक्क बायकोने सोडल्याची नोंद जरूर पाहा: दोन दस्तांत तिचे नाव बदलले, तर दुसरे लग्न किंवा दुसराच माणूस.

चतुःसीमा दिशा आणि पोलमध्ये दिल्या असतील तर नकाशा काढा. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोलांचा एक मैल, १६० चौरस पोलांचा एक एकर. साधा कोनमापक आणि आलेखाचा कागद पुरतो. १:२४,००० च्या नकाशावर एक इंच म्हणजे २००० फूट, सुमारे १२१ पोल. आकृती शेवटच्या कोपऱ्यात जुळली नाही, तर आधी एखादी ओळ उतरवायची राहिली का ते बघा, मग मोजणीदाराच्या चुकीकडे वळा. होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेपासून काही अंश सरकलेली असते, तेव्हा आकृती किंचित फिरवून ओढ्यावर बसवा. शेजारच्या तुकड्यांचेही नकाशे काढले की ते एकमेकांत बसतात आणि शेजारी पक्के होतात. मोजणीच्या कागदावर मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावे असतात; ते पुष्कळदा घरचे किंवा शेजारचे लोक.

दोन जनगणनांमधली दहा वर्षे करयाद्यांनी भरा. व्हर्जिनियाच्या १७८२ पासून आहेत आणि बहुतेक दरवर्षीच्या. एखादे नाव पहिल्यांदा यादीत आले, तर मुलगा वयात आला किंवा नवा माणूस आला. नावापुढे 'मृताची इस्टेट' असे लिहिलेले आले, तर मृत्यूचे वर्ष जवळपास ठरले.

गुलामगिरीत असलेल्या पूर्वजांसाठी वाट वेगळी आहे. १८५० आणि १८६० च्या वेगळ्या याद्यांत मालकाचे नाव आणि माणसांचे फक्त वय, लिंग, वर्ण असतो. सगळ्यांची नावे पहिल्यांदा १८७० मध्ये येतात. म्हणून १८७० च्या घराशेजारचे मोठे जमीनदार पाहा आणि त्यांच्या मृत्युपत्रांत, मालमत्तेच्या याद्यांत, काउंटीच्या दस्तनोंदींत नावे शोधा. माणसांची विक्री आणि गहाणही त्याच वह्यांत नोंदलेले आहे. आडनाव मालकाचेच असेल असे धरून चालू नका.

व्हर्जिनियातल्या हॅनोव्हरसारख्या काउंटींचे कागद १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत जळाले. अशा ठिकाणी राज्याकडे पाठवलेल्या करयाद्या, राज्याची जमीन-पेटंटे आणि शेजारच्या काउंटींच्या वह्या हेच आधार उरतात. फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळावर खाते मोफत उघडता येते, आणि तिथे हस्तलिखित दस्तांच्या पूर्ण मजकुरात शोधण्याची सोयही आहे. त्यामुळे सूचीत कधीच न येणारा साक्षीदार किंवा सीमेवरचा शेजारी म्हणून तुमच्या पूर्वजाचे नाव सापडते. आडनावासोबत ओढ्याचे नावही टाकून शोधा.