समोरच्या बाजूचंही माणूस गेलंय, त्यांना भेटायचं कसं

आधीच सांगतो, यातलं काहीच माझ्या डोक्यातून आलेलं नाही. इस्रायल-पॅलेस्टाईनमध्ये पॅरेंट्स सर्कल म्हणून ग्रुप आहे, 1995 पासून चालू आहे, या संघर्षात ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं अशी दोन्हीकडची मिळून सहाशेच्या वर कुटुंबं त्यात आहेत. इत्झाक फ्रँकेन्थल यांनी तो काढला, त्यांच्या मुलाला 1994 मध्ये हमासने पळवून नेऊन मारलं होतं. त्यांचं बघून जे कळलं ते लिहितोय, कुणावर दोन्ही बाजूंच्या अशा घरांची भेट घडवून आणायची वेळ आलीच तर.

पहिलं म्हणजे लकडा लावू नका. माणूस जाऊन चार दिवस झालेत आणि तुम्ही "चला, पलीकडच्यांना भेटू" म्हणत दारात उभे राहिलात तर हाकलून देतील, आणि बरोबरच करतील. इस्रायलचे रामी एल्हनान यांची मुलगी स्मादार 1997 मध्ये जेरुसलेमच्या आत्मघातकी बॉम्बस्फोटात गेली, ते या ग्रुपच्या पहिल्या मीटिंगला गेले ते साधारण वर्षभराने, तेही नाखुशीनेच, लांब उभं राहून बघू म्हणून. तिथे बसमधून पॅलेस्टिनी लोक उतरत होते, त्यात काळ्या झग्यातली एक बाई होती आणि तिच्या छातीवर लहान मुलाचा फोटो होता. ते अजूनही हे सांगतात.

म्हणून प्रत्येकाला फोटो आणायला सांगा. आणि सुरुवात फोटोपासूनच करा, नाव काय, किती वर्षांचा होता, काय आवडायचं. 1948 मध्ये, म्हणजे इस्रायल झाला तेव्हा, काय झालं हा विषय पहिल्याच दिवशी काढलात तर मीटिंग संपलीच समजा, इस्रायलींचं स्वातंत्र्ययुद्ध तेच पॅलेस्टिनींचं नकबा, म्हणजे महासंकट. तो विषय ते लोक टाळत नाहीत हां, पण त्याला वेगळे दिवस देतात, एकदा सगळे मिळून याद वाशेमला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या जेरुसलेममधल्या स्मारकाला जातात आणि एकदा 1948 मध्ये ओस पडलेल्या पॅलेस्टिनी गावाचे अवशेष बघायला.

तुझं दुःख मोठं की माझं, हे सुरू झालं की लगेच थांबवा. पॅलेस्टिनी बसाम अरामिन यांची दहा वर्षांची मुलगी अबीर 2007 मध्ये शाळेजवळ इस्रायली सीमा पोलिसांच्या रबरी गोळीने गेली, ते स्वतः सात वर्षं इस्रायली जेलमध्ये होते, आज ते आणि रामी एकत्र बोलायला जातात. कोणी कोणाला माफ करा म्हणून सांगायचं नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न.

आता कंटाळवाणं पण महत्त्वाचं, परमिट. वेस्ट बँकेतून, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातून, इस्रायलमध्ये यायला पॅलेस्टिनींना ते लागतंच. 2006 पासून दोन्हीकडचे मिळून गेलेल्यांचा स्मृतिदिन करतात, 2018 मध्ये त्यासाठी इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी परमिट नाकारले तर सुप्रीम कोर्टात जावं लागलं होतं. त्यामुळे जागा आणि कागद आधी, चहापाणी नंतर. दुभाषी असा बघा जो राग सुद्धा तसाच्या तसा पोचवेल, गोड करून सांगणारा नको.

आणि भेट जमतच नसेल तर फोन आहे. 2002 मध्ये यांनी एक फुकट नंबर काढला होता, इकडच्याने लावला की तिकडचा कोणीतरी अनोळखी माणूस लाइनवर यायचा, लाखो फोन झाले त्यावर. पहिला फोन शिव्यांनी सुरू झाला तरी ठेवू नका.