दिवे आणायला निघण्याआधी

गेल्या वर्षी आमच्या भांडुपच्या बिल्डिंगला दुरुस्तीची हिरवी जाळी लागली आणि खिडकीतला उजेड पोपटी झाला. वहिनी साड्या विकतात, त्या साड्यांचे फोटो मी एरवी त्या खिडकीशीच काढायचो. नवरात्र तोंडावर आलं होतं, म्हणून घाईघाईत फोटोसाठी दोन दिवे आणले आणि चाळीसेक साड्या एका रात्रीत उरकल्या. डाळिंबी सेमी पैठणी फोटोत वीटकरी आली होती. मला ते कळलंच नाही, कळलं ते साड्या परत यायला लागल्यावर. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, फोटोतला हा रंग माझ्या कपाटात नाहीये." यंदा दिवे नव्याने घ्यायचेत.

तर पिशवीत आधी लाल ब्लाउजपीस टाका. गडद, डाळिंबी किंवा कुंकवासारखा. सोबत एक पांढरा कोरा कागद. पैसे, फोन, चार्जर हे सांगायची गरज नाही, ते कोणी विसरत नाही. ब्लाउजपीस विसरतात. मी विसरलो होतो.

त्याचं कारण नीट सांगतो, कारण दुकानात तुम्हाला कोणी सांगणार नाही. खोक्यावर ५६०० केल्विन किंवा ६५०० केल्विन लिहिलेलं असतं, आपण म्हणतो डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा आहे, झालं. पण हा आकडा फक्त पांढरा किती पिवळट की निळसर ते सांगतो. त्या पांढऱ्यात लाल किती आहे, ते सांगत नाही. बहुतेक एलईडी म्हणजे निळा दिवा आणि त्यावर पिवळा लेप, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. गडद लाल त्यात जेमतेम. जो रंग उजेडातच नाही तो साडीवरून परत येणार कुठून? नंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यात किंवा फोटोत करायची रंगाची जुळणी, कितीही फिरवा, लाल वाढवायला गेलात की काठाची जरही तांबडी होते. मी दोन रात्री हा उद्योग केलाय.

म्हणून सीआरआय बघायचा, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा शंभरपैकी आकडा, ९५च्या पुढचा. ९० वर भागतं, ८० नको. त्यातही एक मेख आहे. हा आकडा ८ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल हा नववा, त्याला आर ९ म्हणतात आणि तो सरासरीत धरतच नाहीत. ८० सीआरआयच्या दिव्याचा आर ९ शून्याच्या आसपासही असू शकतो. आर ९ वेगळा छापला असेल तर उत्तम. नसेल तर ब्लाउजपीस आहेच. आहे ना पिशवीत?

आता दिवा कुठला. आधी ठरवा, काढायचं काय आहे. साडी, दागिने, पुस्तकं, लोणच्याच्या बरण्या, म्हणजे जे हलत नाही, त्याला प्रखर दिवा लागतच नाही. ट्रायपॉड लावा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० ठेवा, शटर अर्धा सेकंद उघडा राहिला तरी काही बिघडत नाही. स्वस्तात भागतं ते इथेच. माणसं, त्यातून लहान मुलं काढायची असतील तर मात्र वॉट लागतात आणि पैसेही. खोक्यावरच्या 'अमुक वॉटच्या बरोबरीचा' या भाषेकडे लक्ष देऊ नका, खरे वॉट विचारा. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई होतो, हेही लक्षात असू द्या. मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा दिवा स्वस्त पडतो.

पॅनेल, म्हणजे चपटा एलईडी दिवा घेताना दुकानदार पिवळा-पांढरा दोन्ही होणारा पुढे करेल. त्यात अर्धे दाणे पिवळे, अर्धे पांढरे. पूर्ण डेलाइटवर नेलात की फक्त पांढरे पेटतात, म्हणजे निम्म्या दिव्याचे पैसे झोपलेले. फक्त डेलाइटचा मागा. रंगीबेरंगी होणारा नको. रिंगलाइट नको, साडीची जर सपाट दिसते. हॅलोजन तर नकोच, पिवळा तो पिवळा आणि खोलीची भट्टी होते. अगदीच बजेट नसेल तर जास्त सीआरआयचे साधे बल्बही चालतात, पण आपल्याकडचे होल्डर पिनवाले आणि फोटोचे बल्ब बहुतेक आट्याचे असतात. अडॅप्टर आठवणीने घ्या. दोन दिवे घ्यायचे तर एकदम, एकाच लॉटचे. सहा महिन्यांनी आणलेला जोडीदार हिरवट किंवा गुलाबी निघतो.

खरेदीला रविवारी जाऊ नका, सीएसएमटीच्या भागातली बरीच दुकानं बंद असतात. सीएसएमटीला उतरून कॅमेऱ्याच्या वस्तूंसाठी बोरा बाजार, वायर-होल्डर-बोर्डासाठी लोहार चाळ, आणि तिथून मंगळदास मार्केट जवळच आहे, दिव्यासमोर लावायला पांढरी मलमल तिथे मिळते. शुभ्र घ्या, ऑफव्हाइट घेतलीत तर उजेड पिवळा पडतो. भर दुपारी पोचा. कारण दिवा लावून घ्यायचा, त्याखाली ब्लाउजपीस आणि कागद शेजारी ठेवायचे, कागदावर व्हाइट बॅलन्स धरून फोटो काढायचा. मग दुकानाबाहेर, छताखाली नव्हे, मोकळ्या उजेडात हेच पुन्हा. दोन्ही फोटोंत लाल एकच दिसला तर दिवा घ्या. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, डोळा लगेच सरावतो, आणि ऑटोवर ठेवलेला फोन तर बिनदिक्कत खोटं बोलतो. दुकानदार वैतागेल. वैतागू दे. मागच्या वेळी त्याने स्वतःचा तळहात दिव्याखाली धरून "बघा, एकदम नॅचरल" म्हटलं आणि मी मान डोलावली. ब्लाउजपीस असता तर डोलावली नसती.

तिथेच आणखी एक. दिवा २० टक्क्यांवर मंद करा आणि शटर १/१००० ला ठेवून फोटो काढा. आडवे पट्टे दिसले तर तो दिवा फडफडतो, ठेवून द्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या बल्बवर काम करायचं तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, किंवा त्याहून सावकाश.

घरी आल्यावर खोलीतली ट्यूब, स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब, देवघरातला लाल झिरो, सगळं बंद. खिडकीला जाड चादर. आमची भिंत पिस्ता रंगाची आहे, तिचा रंग साडीवर उतरतो, तिच्यासमोर पांढरा सनबोर्ड. पंखा बंद, घाम पुसत काढा. स्टँडच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी. पहिला फोटो कोऱ्या कागदाचा, दुसरा ब्लाउजपीसचा, मग साड्या. फोटो पाठवण्याआधी तो साडीच्या मालकिणीला, साडी शेजारी धरून, दाखवा. खोकी आणि पावती महिनाभर जपा.

बाकी सगळं पिशवीत भरून झालंय. ब्लाउजपीस वहिनींकडे आहे, त्या झोपायच्या आत मागून घ्यायला हवा.