मिशिगनचे तेरा मतदारसंघ: मतदानाआधीच्या तयारीची यादी

मिशिगन राज्यातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर तेरा सदस्य निवडून जातात. त्यांची मुदत दोनच वर्षांची असल्याने या तेराही जागांसाठी ३ नोव्हेंबर २०२६ रोजी पुन्हा मतदान होणार आहे. डेट्रॉइटच्या परिसरात, अॅन आर्बरमध्ये आणि ग्रँड रॅपिड्सच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली आहे, त्यांच्यासाठी ही यादी प्रामुख्याने लिहिली आहे. मात्र जुन्या मतदारांनीही ती एकदा नजरेखालून घालण्यास हरकत नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आपल्याकडील बहुतेकांचे लक्ष नोव्हेंबरकडे असते, परंतु तयारी करायची ती ४ ऑगस्टच्या प्रायमरीची, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानाची. ती नीट झाली की नोव्हेंबरसाठी फारसे काही उरत नाही.

सर्वप्रथम घरातील कोणाला मताधिकार आहे आणि कोणाला नाही, हे निश्चित करावे. मतदार अमेरिकेचा नागरिक असावा, मतदानाच्या दिवशी त्याचे वय १८ पूर्ण असावे आणि त्या शहरात किंवा टाउनशिपमध्ये (म्हणजे शहराबाहेरच्या स्थानिक प्रशासनाच्या हद्दीत) त्याचे किमान ३० दिवसांचे वास्तव्य असावे. ग्रीन कार्डावर राहणारे आईवडील आणि कामाच्या व्हिसावरील भाऊ यांना हा अधिकार नाही. यात गल्लत होण्याची जागा म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सचे काम. मिशिगनमध्ये लायसन्स सेक्रेटरी ऑफ स्टेट या राज्याच्या अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मिळते आणि मतदार नोंदणीची प्रक्रियाही त्याच कामाला जोडलेली आहे. म्हणून नागरिक नसलेल्या व्यक्तीने तेथील प्रत्येक प्रश्न नीट वाचावा, न समजल्यास विचारावा आणि आपण नागरिक नसल्याचे स्पष्ट सांगावे. नागरिक असल्याचा चुकीचा दावा किंवा अनवधानाने केलेले मतदान यांचे परिणाम पुढे ग्रीन कार्डापर्यंत आणि नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत पोहोचू शकतात. उलट बाजूचे एक कामही बहुतेकांकडून राहून जाते. अमेरिकेचे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते, त्यामुळे पुण्याच्या किंवा नाशिकच्या मतदार यादीत नाव असल्यास ते वगळण्यासाठी नमुना ७ भरून द्यावा.

त्यानंतर आपला मतदारसंघ शोधावा. तो शहराच्या नावावरून ओळखू नये. अॅन आर्बर सहाव्या मतदारसंघात आहे, ट्रॉय अकराव्यात आणि शेजारचे रॉचेस्टर हिल्स दहाव्यात. म्हणजे एकाच मंडळाच्या गणेशोत्सवाला जमणारी तीन कुटुंबे तीन वेगवेगळ्या मतपत्रिकांवर मत देतात. जुन्या आठवणीवरही विसंबू नये. १९६० आणि १९७० च्या जनगणनांनंतर मिशिगनला १९ जागा होत्या. इतर राज्यांची लोकसंख्या अधिक वेगाने वाढत गेली तशी ही संख्या दर दशकाला घटली आणि २०२० च्या जनगणनेनंतर १४ वरून १३ वर आली. त्याच वेळी संपूर्ण नकाशा नव्याने आखला गेला आणि तो विधिमंडळाने नव्हे, तर मतदारांनी २०१८ मध्ये मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीतून निर्माण झालेल्या नागरिकांच्या आयोगाने आखला. या आयोगात डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असलेले चार, रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेले चार आणि कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेले पाच असे तेरा नागरिक होते. जागाही तेरा आणि आयोगाचे सदस्यही तेरा, हा निव्वळ योगायोग. राज्याच्या मतदार माहिती संकेतस्थळावर नाव, जन्माचा महिना व वर्ष आणि पिनकोड घातला की मतदारसंघ, मतदान केंद्र, आपल्या क्लार्कचा (मतदानाचे काम पाहणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याचा) पत्ता आणि मतपत्रिकेचा नमुना मिळतो. त्या नमुन्याची प्रत छापून घ्यावी, पुढे ती अनेकदा लागणार आहे.

आता ऑगस्टविषयी. नकाशा कोणीही आखला तरी मतदारांची वस्ती ठरावीक भागांत दाट असल्याने तेरापैकी मोजक्याच मतदारसंघांत नोव्हेंबरची लढत खरोखर चुरशीची असते. २०२२ मध्ये दहाव्या मतदारसंघात रिपब्लिकन जॉन जेम्स सुमारे १,६०० मतांनी निवडून आले. लॅन्सिंगच्या परिसरातील सातवा मतदारसंघ २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे गेला आणि राज्यातील संख्याबळ डेमोक्रॅटिक सात विरुद्ध रिपब्लिकन सहा याऐवजी सहा विरुद्ध सात असे उलटले. अशा मतदारसंघांत नोव्हेंबरला महत्त्व आहेच. उरलेल्या बऱ्याच ठिकाणी मात्र प्रबळ पक्षाची प्रायमरी जिंकणारा उमेदवारच पुढे सदस्य होतो. याचे आपल्या जवळचे उदाहरण तेराव्या मतदारसंघाचे आहे. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार यांनी २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या या मतदारसंघातील डेमोक्रॅटिक प्रायमरी नऊ उमेदवारांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना सत्तर टक्क्यांहून अधिक मते पडली. म्हणजे जो निर्णय नोव्हेंबरमध्ये एकतर्फी दिसला, तो प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक मतांवर झालेला होता. २०२६ साठी अकराव्या मतदारसंघाच्या हेली स्टीव्हन्स यांनी सिनेटची आणि दहाव्याच्या जॉन जेम्स यांनी गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली, त्यामुळे आपली वस्ती मोठी असलेल्या या दोन्ही ठिकाणी प्रायमरीचे वजन नेहमीपेक्षा अधिक आहे.

प्रायमरीची मतपत्रिका हीच खरी अभ्यासाची वस्तू आहे. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाचे सदस्य व्हावे लागत नाही किंवा नोंदणीत पक्ष लिहावा लागत नाही. ऑगस्टमध्ये सर्वांना एकच मतपत्रिका मिळते आणि तिच्यावर प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांचा स्वतंत्र रकाना असतो. मतदाराने यापैकी एकच रकाना निवडून त्यातच सर्व पदांसाठी मते द्यायची असतात. प्रतिनिधिगृहासाठी डाव्या रकान्यातील उमेदवार आवडला, गव्हर्नरसाठी उजव्या रकान्यातील भावला आणि दोन्हीकडे खुणा केल्या, तर पक्षीय भागातील सगळी मते बाद होतात. भारतातील मतदाराला एका यंत्रावर एकच बटण दाबण्याची सवय असल्याने हा नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो. मतदान केंद्रावर मतपत्रिका मोजणी यंत्रात घातल्यावर यंत्र अशी चूक दाखवते आणि मतपत्रिका बदलून घेण्याची संधी मिळते. घरून भरून पाठवलेली मतपत्रिका मोजली जाते तेव्हा मात्र मतदार समोर नसतो. म्हणून जे घरून मतदान करणार आहेत त्यांनी आधी छापलेल्या नमुन्यावर पेन्सिलीने खुणा करून पाहाव्यात आणि मगच खऱ्या मतपत्रिकेला हात लावावा. याच मतपत्रिकेवर प्रिसिंक्ट डेलिगेट हे पक्षाच्या सर्वांत खालच्या पायरीवरचे पद असते आणि अनेक ठिकाणी शाळा, ग्रंथालय किंवा अग्निशमन दलासाठी मालमत्ता कराचे प्रस्तावही असतात. घराचा कर वाढल्यावर तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो प्रस्ताव आधी वाचला होता, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे.

नोंदणी झाली आहे असे गृहीत न धरता ती तपासून घ्यावी. मिशिगनमध्ये लायसन्सवरील आणि मतदार नोंदणीतील पत्ता एकच असावा लागतो, त्यामुळे घर बदलले असल्यास दोन्हीकडील पत्ता बदलला का हे पाहावे. ऑनलाइन किंवा टपालाने नोंदणी मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत करता येते, म्हणजे प्रायमरीसाठी २० जुलै आणि नोव्हेंबरसाठी १९ ऑक्टोबर. ही तारीख उलटली तरी मार्ग बंद होत नाही. आपल्या शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे स्वतः जाऊन, पत्त्याचा पुरावा दाखवून, मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत नोंदणी करता येते. पुरावा म्हणून विजेचे बिल किंवा बँकेचे विवरणपत्र चालते, पण त्यावर आपले नाव आणि सध्याचा पत्ता हवा. विजेचे बिल केवळ पतीच्या नावाने येत असेल, तर पत्नीने आपल्या नावाचा वेगळा कागद शोधून ठेवावा.

यानंतर मत कसे द्यायचे हे ठरवावे. कोणतेही कारण न सांगता घरी मतपत्रिका मागवता येते. ती मतदानाच्या ४० दिवस आधीपासून, म्हणजे प्रायमरीसाठी २५ जूनपासून आणि नोव्हेंबरसाठी २४ सप्टेंबरपासून उपलब्ध होते. एकदाच अर्ज करून दर निवडणुकीला ती आपोआप मागवण्याची सोयही आहे आणि नोकरीनिमित्त सतत फिरतीवर असणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. दुसरा पर्याय अर्ली व्होटिंगचा. मतदानाआधीच्या नऊ दिवसांत, म्हणजे २५ जुलै ते २ ऑगस्ट आणि २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात, केंद्रावर जाऊन स्वतःच्या हाताने मतपत्रिका यंत्रात घालता येते. या दोन्ही काळांत दोन शनिवार आणि दोन रविवार येतात. प्रथमच मत देणाऱ्याने हाच मार्ग निवडावा असे माझे मत आहे, कारण चूक झाली तर तेथेच कळते.

घरून मत देणाऱ्यांनी सहीकडे विशेष लक्ष द्यावे. परतीच्या पाकिटावरील सही नोंदीतील सहीशी ताडून पाहिली जाते आणि नोंदीतील सही बहुधा लायसन्स काढताना पडद्यावर केलेली असते. आपल्यातील अनेक ज्येष्ठ मंडळी बँकेत मराठीत सही करतात, पासपोर्टवर इंग्रजीत करतात आणि लायसन्सवर नेमकी कोणती केली हे विसरून गेलेली असतात. लायसन्स समोर ठेवून त्याप्रमाणेच सही करावी. पतिपत्नीची पाकिटे एकाच टेबलावर पडलेली असतात तेव्हा अदलाबदल होते, म्हणून एकाचे पाकीट बंद झाल्याशिवाय दुसरे उघडू नये. सही जुळली नाही तर क्लार्कचे कार्यालय मतदाराशी संपर्क साधते, त्यासाठी अर्जावर चालू फोन नंबर लिहिलेला असावा.

नोव्हेंबरची मतपत्रिका लांबलचक असेल. प्रतिनिधिगृहाबरोबर सिनेटची एक जागा, गव्हर्नर, राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या सर्व जागा, विद्यापीठांच्या नियामक मंडळांचे सदस्य, न्यायाधीश आणि स्थानिक प्रस्ताव असे बरेच काही तिच्यावर असते. वरच्या बाजूला एका खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय असते. ती वापरूनही एखाद्या पदासाठी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारापुढे खूण करता येते आणि त्या पदापुरती तीच ग्राह्य धरली जाते. परंतु ही एक खूण न्यायाधीश, शाळा मंडळे आणि प्रस्ताव यांना लागू होत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारांची निवड पक्षांच्या अधिवेशनांत होते, मतपत्रिकेवर मात्र त्यांच्या नावापुढे पक्ष छापलेला नसतो, त्यामुळे ही माहिती घरूनच घेऊन जावी. शिवाय राज्यघटना नव्याने लिहिण्यासाठी घटना परिषद बोलवावी का, हा दर १६ वर्षांनी आपोआप विचारला जाणारा प्रश्न २०२६ मध्ये पुन्हा येत आहे. मतपत्रिकेची मागची बाजू कोरी सोडून निघून येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उमेदवाराला देणगी द्यायची असेल तर तिचेही नियम आहेत. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, व्हिसावरील व्यक्ती देऊ शकत नाही आणि दुसऱ्याच्या नावाने दिलेली देणगी बेकायदा ठरते. २०२५–२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीपुरती ३,५०० डॉलरची मर्यादा आहे; प्रायमरी आणि नोव्हेंबर या दोन वेगळ्या निवडणुका धरल्या जातात. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी उमेदवार येऊन निधी मागू लागला, तर व्हिसावरील तरुणांना हे आधीच सांगून ठेवावे.

ज्यांना इंग्रजी वाचणे अवघड जाते अशा आईवडिलांना मतकक्षात आपल्या पसंतीचा मदतनीस नेता येतो. मुलगा, सून, शेजारी कोणीही चालतो. त्यांचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी मात्र चालत नाही. हॅमट्रॅम्क शहरात बंगाली मतपत्रिका मिळते. मराठीची तशी सोय कोठेही नाही, म्हणून नमुना मतपत्रिका घरी वाचून दाखवण्याचे काम मुलांनीच करावे.

मतदानाच्या दिवशी केंद्रे सकाळी सात ते रात्री आठ उघडी असतात आणि आठ वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. महाराष्ट्रातल्याप्रमाणे भरपगारी सुट्टी येथे मिळत नाही, राज्याचा तसा कायदाच नाही, तेव्हा कारखान्यात पाळीवर असणाऱ्यांनी वेळ आधी ठरवून घ्यावी. फोटो असलेले ओळखपत्र सोबत असावे. नसल्यास प्रतिज्ञापत्रावर सही करून मत देता येते. उमेदवाराच्या नावाचा टी-शर्ट किंवा टोपी घालून जाऊ नये, कारण केंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचाराला मनाई आहे.

घरून पाठवलेली मतपत्रिका क्लार्कपर्यंत पोहोचली का, हे संकेतस्थळावर पाहता येते. देशांतर्गत मतदारांच्या बाबतीत टपालाचा शिक्का पुरत नाही, पाकीट मतदानाच्या रात्री आठच्या आत क्लार्कच्या हाती पडावे लागते. म्हणून शेवटच्या आठवड्यात ते टपालात न टाकता आपल्याच शहराच्या ड्रॉप बॉक्समध्ये (मतपत्रिका जमा करण्याच्या पेटीत) टाकावे; शेजारच्या शहराचा बॉक्स वाटेत लागला तरी तो टाळावा. मतदानाच्या आदल्या दिवशी, सोमवारपर्यंत पाकीट पोहोचल्याची नोंद दिसत नसेल, तर क्लार्कच्या कार्यालयाला फोन करावा. मतपत्रिका अजून घरीच राहिली असेल, तर ती घेऊन मंगळवारी केंद्रावर जावे, तेथे परत करावी आणि नवी मतपत्रिका घेऊन मत द्यावे.