अलास्का हायवेवर आरव्ही न्यायचीये? मग आधी ती वजनकाट्यावर उभी करा

आरव्ही, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन कॅनडातून अलास्काला जाणाऱ्या अलास्का हायवेला जायचं म्हटलं की सगळे अस्वलं, नॉर्दर्न लाइट्स आणि फोटो कुठे चांगले येतात यावर भरभरून बोलतात, आणि टायरचा विषय "टायर तेवढे चांगले असू द्या" एवढ्यावर संपवतात. चांगले म्हणजे कसे, त्यात हवा किती, त्यांच्यावर वजन किती पडतंय, हे कोणी सांगत नाही. आम्ही बरीच वर्षं हा रस्ता करतोय आणि दर वेळी टायर फुटून कडेला टो ट्रकची वाट बघत बसलेली कुटुंबं दिसतात, लहान मुलं, आजी-आजोबा सगळे गाडीत, फोनला रेंज नाही. यातलं बरंचसं घरातून निघायच्या आधी टळू शकतं. म्हणून सोप्या गोष्टी इथे पटापट उरकते आणि जिथे लोक खरे अडकतात तिथे वेळ घेते. आरव्ही चालवायची, पाणी भरायचं, टाकी रिकामी करायची, हे तुम्हाला येतं असं धरून चाललेय. गाडी धरलीये २८-३० फुटी क्लास सी, म्हणजे फोर्ड ई-४५० या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, कारण भाड्याने बहुतेक तीच मिळते.

१. कागदपत्रं

अमेरिकेत एच१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच, आणि तो मल्टिपल एन्ट्री घेतलेला बरा, कारण अलास्कातून परत येताना तुम्ही पुन्हा कॅनडात शिरता. ग्रीनकार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. ताजा कढीपत्ता अमेरिकेच्या सीमेवर काढून घेतात, वाळवलेल्याच्या भानगडीतही पडू नका, सरळ संपवून जा. बेअर स्प्रे घ्या पण डब्यावर तो प्राण्यांसाठी आहे असं छापलेलं हवं, माणसांवर मारायचा पेपर स्प्रे कॅनडात चालत नाही.

२. मार्ग आणि दिवस

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला हायवे सुरू होतो. तिथून फोर्ट नेल्सन साधारण ४५० किलोमीटर, पुढे वॉटसन लेक ५१०, मग व्हाइटहॉर्स ४३५, मग बीव्हर क्रीक ४५०, आणि सीमा ओलांडून अलास्कातलं टोक (Tok) नावाचं गाव १८०. यातला प्रत्येक टप्पा एका दिवसात होतो, पण रोज एक टप्पा असा प्लॅन करू नका, लियार्ड रिव्हरचे गरम पाण्याचे झरे आणि मंचो लेक नुसतं काचेतून बघून पुढे जायचं असेल तर विमानाने गेलेलं बरं. दिवसाला ३५० किलोमीटरच्या वर मी कोणालाच सांगत नाही, आणि दोन दिवस पूर्ण मोकळे ठेवा. उन्हाळ्यात वणव्यांमुळे रस्ते बंद होतात, मे २०२४ मध्ये तर अख्खं फोर्ट नेल्सन रिकामं करावं लागलं होतं. येताना कॅसियर हायवेने या, वेगळा प्रदेश बघायला मिळतो. आणि जीपीएसमध्ये डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी यांची गल्लत करू नका, दोन्हींत जवळजवळ दोन हजार किलोमीटरचं अंतर आहे.

डॉसन सिटीजवळून उत्तरेला निघणाऱ्या डेम्पस्टर हायवेने इनुविकपर्यंत जायचा मोह होतो. भाड्याच्या क्लास सीने नको. सातशेच्या वर किलोमीटर खडीचा रस्ता, सुरुवातीचा पंप सोडला की पुढचं पेट्रोल थेट ईगल प्लेन्सला ३७० किलोमीटरवर, आणि बहुतेक भाड्याच्या करारात या रस्त्याला साफ मनाई असते, म्हणजे काही झालं तर विमाही हात वर करतो. टूमस्टोन पार्क सुरुवातीच्या टप्प्यातच आहे, तेवढं बघायचंच असेल तर डॉसन सिटीत चौकशी करून दुसऱ्या गाडीची सोय बघा.

३. वजन

आता मुद्द्याचं. गाडीच्या दारापाशी एक स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. लोक ते वाचत नाहीत, आणि वाचलं तर फक्त बॅगांचं वजन धरतात. त्या आकड्यात माणसंही आली आणि पाणीही आलं. हिशोब करून बघा: सहा मोठी माणसं म्हणजे ४२० किलो, ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की १५० किलो, झाले ५७० किलो आणि अजून कुकर, कणिक, तांदूळ, बॅगा, खुर्च्या, जनरेटरचं जादा पेट्रोल, काही मोजलंच नाही. मोठ्या लांबीच्या कित्येक गाड्यांत एवढ्यावरच मर्यादा संपत आलेली असते. गाडी जितकी लांब आणि स्लाइडआउट (उभी केल्यावर बाहेर सरकवायचे खोलीचे भाग) जितके जास्त तितकी सामानाला जागा जास्त दिसते आणि वजनाची मुभा कमी उरते, हे डोक्यात पक्कं बसवा. बाहेरचा कप्पा रिकामा आहे म्हणजे त्यात काहीतरी ठेवता येईल असं नसतं.

म्हणून कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा करतात तशी गाडी काट्यावर उभी करायची. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा ट्रकचा वजनकाटा असतो. सगळं सामान, सगळी माणसं, जेवढं पाणी नेणार तेवढं पाणी, पेट्रोल फुल, असं करून जा. घरून रिकामी नेलीत तर त्या पावतीचा काही उपयोग नाही. पुढची चाकं पहिल्या प्लॅटफॉर्मवर, मागची दुसऱ्यावर. पावतीवर पुढच्या अ‍ॅक्सलचं (चाकांच्या आसाचं), मागच्या अ‍ॅक्सलचं आणि एकूण असं तीन प्रकारचं वजन येतं. ई-४५०ची एकूण मर्यादा १४,५०० पाउंड, म्हणजे साधारण ६,५८० किलो. पण लोक एकूण बघून खूश होतात तिथेच फसतात. या गाड्यांचं मागचं अंग चाकांच्या खूप मागे आलेलं असतं, तिकडे सामान भरलं की पुढचं वजन कमी होऊन मागच्या अ‍ॅक्सलवर येतं, त्यामुळे एकूण वजन बसतं आणि मागचा अ‍ॅक्सल मात्र मर्यादेच्या वर गेलेला असतो. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर दोन्ही अ‍ॅक्सलच्या मर्यादा वेगवेगळ्या दिलेल्या असतात, मागचा आकडा आधी ताडून बघा.

जास्त भरलं तर पाणी कमी करा. टाकी तृतीयांश भरून निघा, वाटेत कॅम्पग्राउंडला मिळतं, प्यायचं वेगळं ठेवा. जड किराणा मागच्या पलंगाखालून काढून पुढे टेबलाखाली. जळाऊ लाकूड तर अजिबात वाहू नका, युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये ते भाड्यातच मिळतं.

४. टायर, हवा आणि तो आतला टायर

टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांपासून सुरू होणारा नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आरव्हीचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात, वरून नक्षी नव्यासारखी आणि बाजूला बारीक चिरा. सहा-सात वर्षांच्या वरचे टायर घेऊन मी या रस्त्यावर जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका, भाड्याची गाडी असेल तर ताब्यात घेतानाच सहाच्या सहा टायरचे (पुढे दोन, मागे चार) फोटो काढा. एका कंपनीत मला "नक्षी बघा ना मॅडम" असं ऐकवलं गेलं. मी गाडी बदलून घेतली.

हवा किती? टायर बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता असतो, इतक्या वजनाला इतका पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). तुमच्या काट्याच्या पावतीवरचं मागचं वजन भागिले चार, पुढचं भागिले दोन, आणि तक्त्यात बघायचं, त्यावर ५ पीएसआय जास्त ठेवायचे, फक्त टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जायचं नाही. काटा केला नसेल तर दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, त्यापेक्षा कमी कधीच नको. "खडीवर हवा थोडी काढा, गाडी मऊ चालते" हा सल्ला जीपवाल्यांसाठी ठीक असेल, वजनाने भरलेल्या आरव्हीसाठी तो धोकादायक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, तापते, आतले थर सुटतात आणि मग टायर फुटतो.

आणि उत्तरेत एक गोष्ट आपोआप घडते ती कोणाच्या लक्षात येत नाही. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण ३ पीएसआय कमी होतात. कॅलिफोर्नियात दुपारी ३५ अंशात हवा भरून निघालात आणि फोर्ट नेल्सनला सकाळी ५ अंश असेल, तर कुठेही पंक्चर नसताना ९-१० पीएसआय गेलेले असतात. म्हणून रोज सकाळी, गाडी हलवायच्या आधी, एका बाजूला ऊन यायच्या आधी, हवा मोजायचा गेज लावायचा. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती काढायची नाही. आणि गाडीत १०० पीएसआयच्या वर जाणारा कॉम्प्रेसर ठेवा, कारला लावायचे बरेचसे छोटे पंप ८०पर्यंत नीट पोचत नाहीत.

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरशी. मागे एका बाजूला दोन टायर अगदी शेजारी-शेजारी असतात. आतल्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या भोकातून दिसतो, तेवढ्या जागेत हात घालायचा, बोटांनी टोपी फिरवायची, ती चिखलात खाली पडते, आणि साधा गेज त्या कोनात बसतच नाही, नुसती फुस्स करून हवा जाते. त्यामुळे लोक काय करतात, बाहेरचा टायर तपासतात आणि चार दिवस आतल्याकडे बघतही नाहीत. आतला बसला तरी गाडी सरळच चालते, कारण बाहेरचा एकटा दोघांचं वजन उचलतो. काही तासांनी तो तापून फुटतो आणि फुटताना त्याच्या पट्ट्या चाकावरचा पत्रा, सांडपाण्याचा पाइप, जे हाताला लागेल ते फाडून टाकतात.

यावर उपाय आहेत. दोन तोंडांचा ट्रकवाल्यांचा लांब गेज घ्या, एक तोंड पुढे आणि एक उलटं, आतल्या व्हॉल्व्हला उलटं तोंड लावून आपल्याकडे ओढायचं. रबरी लवचिक एक्स्टेन्शन लावू नका, खडीच्या हादऱ्यांनी त्यातूनच हवा जायला लागते. स्वतःची गाडी असेल तर टायरवाल्याकडून धातूचे लांब व्हॉल्व्ह बसवून घ्या, एकदाच खर्च होतो. भाड्याची असेल तर गाडी ताब्यात घेताना त्यांच्या माणसाला म्हणा, आतल्या टायरची हवा माझ्यासमोर तपासून दाखवा. त्याला जमलं नाही तर तुम्हाला रस्त्यात जमणार नाहीये. सहाही टायरला सेन्सर लावले तर उत्तम, पण सेन्सर आहेत म्हणून सकाळचा गेज सोडू नका. आणि दुपारी थांबाल तेव्हा दोन टायरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा, खडीच्या पट्ट्यावर तिथे दगड अडकतो आणि दोन्ही टायरच्या बाजू कापत राहतो. लाकडी दांडक्याने ठोकून काढायचा, हाताने नाही.

स्टेपनी आहे का ते विचारा. पुष्कळ भाड्याच्या गाड्यांत नसते. नसेल तर निदान त्याच मापाचा एक टायर बरोबर घ्या, वाटेतल्या छोट्या गावात टायर बदलून देणारा माणूस असतो, तुमच्या मापाचा टायर नसतो. चाक बदललं की ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे.

५. पेट्रोल, फोन, खाणं

अर्धी टाकी झाली आणि पंप दिसला की भरायचं, भाव बघायचा नाही. फोनवर ऑफलाइन नकाशे, शिवाय एक सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसली तरी उपग्रहातून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र. रस्त्याची खबर ब्रिटिश कोलंबियात ड्राइव्हबीसी या साइटवर आणि युकॉनमध्ये ५११ वर रोज सकाळी बघा. आपला भारतीय किराणा व्हँकूव्हरजवळच्या सरेत किंवा एडमंटनमध्ये घ्या, बाकीचं व्हाइटहॉर्सला मिळतं. स्वयंपाक झाला की भांडी, कचरा, तेलाचा डबा सगळं गाडीत, बाहेर काही म्हणजे काही राहू देऊ नका.

६. प्रत्यक्ष चालवताना

रात्री चालवू नका. लियार्डच्या आसपास बायसन रस्त्यावरच उभे असतात आणि मंचो लेकजवळ मेंढ्या क्षार चाटायला डांबरावर येतात. समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे व्हा, उडणाऱ्या खडीपासून काच वाचते.

बहुतेक रस्ता आता डांबरी आहे, पण डिस्ट्रक्शन बे ते अलास्काची सीमा हा पट्टा वेगळा. १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने हा हायवे साधारण आठ महिन्यांत काढला, तेव्हा वरचं शेवाळ खरवडलं आणि खालची कायमची गोठलेली जमीन वितळायला लागली. ती अजूनही वितळते, खचते, फुगते, आणि वरच्या रस्त्याच्या लाटा होतात. काही लाटांपाशी छोटे झेंडे असतात, काहींपाशी नसतात. पाटीवर ९० लिहिलेलं असलं तरी इथे ५०-६०. मागचं लांब अंग लाटेवर वर जाऊन खाली आदळतं तेव्हा मागच्या टायरवर काट्याच्या पावतीपेक्षा कितीतरी जास्त भार येतो, वर सांगितलेली सगळी मोजामोज या पट्ट्यासाठीच आहे. मागे गाड्या साचल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या, वेग वाढवू नका.

टोक गावाला पोचलात की आधी चाकं धुवून घ्या, रिमच्या आत चिखल सुकून बसला की चाक थरथरतं आणि लोकांना वाटतं अलाइनमेंट गेली. धुतल्यावर सहाही टायरच्या बाजू हाताने चाचपून बघा, फुगवटा किंवा काप लागला तर तो टायर तिथेच बदला, कारण तोच पट्टा परतीच्या वाटेवर पुन्हा लागणार आहे.