चकली-शेवेचे पर्यावरणस्नेही पॅकिंग कसे करावे

घरगुती फराळ विकणाऱ्यांना 'तपकिरी कागदी पाऊच घ्या' एवढा सल्ला देऊन लोक मोकळे होतात. मुंबईच्या दमट हवेत चकली कुरकुरीत ठेवण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नसावी.

लाडू, वड्या, शंकरपाळे यांना बटर पेपरचे अस्तर घातलेले पुठ्ठ्याचे खोके पुरते. वर्तमानपत्राचा कागद मात्र अन्नाला लागू देऊ नये. शाईतील रसायने तेलात उतरतात आणि एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेनेही त्यास मनाई केली आहे.

खरी अडचण चकली, शेव आणि चिवड्याची. नुसत्या कागदातून बाष्प आत येते आणि तेल बाहेर झिरपते, म्हणून बाजारातील बहुतेक तपकिरी पाऊचना आतून प्लास्टिकचा किंवा चमकदार धातूचा थर दिलेला असतो. विक्रेता 'इको' म्हणाला तरी पाऊचचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजत घालावा. सकाळी बोटाने चोळल्यावर कागदाचा लगदा सुटून हाती पातळ पापुद्रा राहिला, तर तो पाऊच ना रद्दीत जातो, ना खतात. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या 'कंपोस्टेबल' पिशव्यांचेही मला कौतुक नाही. त्या कुजण्यासाठी औद्योगिक खतप्रकल्पातील साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते, जी बाल्कनीतल्या कुंडीत मिळत नाही. शिवाय त्या बाष्पही नीट अडवत नाहीत. तरीही घ्यायच्याच असतील, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र मागावे आणि ते दाखवताना विक्रेता चाचरला, तर दुसरे दुकान गाठावे.

माझ्या मते या मालाला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणीच योग्य. डब्याची किंमत अनामत म्हणून वेगळी घ्यावी आणि डबा परत आल्यावर ती पूर्ण द्यावी. त्यात कापाकापी केली की गिऱ्हाईक डबा स्वतःच्याच फडताळात ठेवून घेते. परत आलेला डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडा करावा, आणि झाकणाच्या कडेला खवट वास उरला असेल तर तो पुन्हा वापरू नये. कुरियरने जाणारा मालही पत्र्याच्या डब्यातच, झाकणाभोवती कागदी चिकटपट्टी लावून द्यावा. प्रवासात काचेवर भरवसा ठेवू नये.

भरण्याची वेळही सांभाळावी लागते. चकली कोमट असताना डबा बंद केला, तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि सगळा घाणा मऊ पडतो. उलट रात्रभर परातीत उघडी ठेवली, तर ती हवेतली ओल ओढून घेते. हाताला पूर्ण गार लागताच भरावी.

शेवटी लेबल. त्यावर घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची व वापरण्याची अंतिम तारीख, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असावा. हे लेबल मैद्याच्या खळीने चिकटवावे, म्हणजे डबा परत आल्यावर ते कोमट पाण्यात सुटते आणि पत्रा खरवडावा लागत नाही.