घर खाली करून घ्यायचंय? नोटीस पाठवताना या चुका टाळा

माझ्या मावशीने पाठवलेली नोटीस पोस्टाने परत आली, पाकिटावर शेरा ‘दार बंद’. तिने पाकीट फाडलं, आतला कागद जपून कपाटात ठेवला आणि पाकीट टाकून दिलं. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, पाकीट कुठंय? कारण कोर्टात किंमत त्या शेऱ्याला आणि पोस्टाच्या शिक्क्याला असते. बरोबर पत्त्यावर, पैसे भरून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा धरून चालतो, नाही पोचलं हे समोरच्याने दाखवायचं. त्यामुळे परत आलेलं पाकीट न उघडता जसंच्या तसं ठेवा आणि पोस्टाची पावती त्यालाच टाचून ठेवा. मावशीला सगळं पहिल्यापासून परत करावं लागलं म्हणून हे एवढं कळकळीने सांगतोय.

पण महाराष्ट्रात सगळ्यात मोठी चूक नोटिशीच्या आधीच होते. समोरचा माणूस नक्की कोण आहे हेच घरमालकाला माहीत नसतं. आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने लायसन्सी, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती परवानगी घेऊन राहणारा आहे आणि जुन्या भाडेपावतीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो खरा भाडेकरू, दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. नेटवरून एक फॉरमॅट उचलून दोघांना तोच कागद पाठवला की पुढे अडचण ठरलेलीच.

लायसन्सी असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ बघायचं. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की ताबा परत देणं ही त्याचीच जबाबदारी आणि नाही दिला तर लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. अर्ज दिवाणी कोर्टात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने बचाव करायची परवानगी मागितली नाही तर तुमचं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरलं जातं. रस्ता चांगला आहे, पण तो उभा राहतो लेखी करारावर. आणि लोक नेमकं काय करतात, ११ महिने संपतात, माणूस चांगला आहे, ‘राहा हो, करू नंतर कागद’ म्हणून तोंडी वाढवतात आणि दोन वर्षांनी बिनसलं की हातात मुदत संपलेला एक करार आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांच्या बँक एन्ट्र्या. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर करून घेणं घरमालकाचं काम आहे, नाही केला तर कोणत्या अटीवर जागा दिली याबद्दल समोरच्याचं म्हणणं खरं धरलं जातं, तुम्ही वेगळं सिद्ध करेपर्यंत. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. दर वेळी नवीन करार, दर वेळी रजिस्ट्रेशन, याला पर्याय नाही.

मुदत संपायच्या आधीच बाहेर काढायचं असेल तर करारातलं नोटीस पिरियडचं आणि लॉक-इनचं, म्हणजे अमुक काळ करार मोडायचा नाही असं सांगणारं कलम नीट वाचा. एक महिना लिहिला असेल तर पूर्ण महिना द्या, आणि तो नोटीस मिळाल्यापासून मोजायचा की पाठवल्यापासून हे करारात कसं लिहिलंय ते बघा, नसेल लिहिलं तर चार-आठ दिवस जास्तच द्या, बिघडत काही नाही.

आता खरा भाडेकरू असेल तर. भाडं थकलं म्हणून थेट दावा ठोकता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस, मग ९० दिवस थांबायचं. बरेच जण १५ दिवसांची किंवा ३० दिवसांची मुदत देऊन लगेच कोर्टात जातात आणि दावा तिथेच लंगडा पडतो. हेही लक्षात ठेवा की दाव्याचं समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, खर्च दिला आणि पुढे भाडं नियमित चालू ठेवलं तर थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. म्हणून पोटभाडेकरू ठेवलाय, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलंय, जागा सहा महिन्यांपेक्षा जास्त बंद आहे किंवा तुम्हालाच खरी गरज आहे अशी दुसरी कारणं खरोखर असतील तर ती वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा. नसलेली मात्र घालू नका, उलटतपासणीत टिकत नाहीत.

व्हॉट्सॲपवर फिरतं ना, ‘दोन महिने भाडं नाही दिलं की बाहेर’, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातून आलंय. तो राज्यांसाठी नमुना आहे, आपोआप कुठेच लागू होत नाही. त्याच्या जोरावर नोटीस लिहू नका.

आणि कितीही राग आला तरी कुलूप बदलणं, पाणी तोडणं, लाईट कापणं हे अजिबात नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अत्यावश्यक सोयी तोडणं गुन्हा आहे आणि जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, तिथे मालक कोण हा प्रश्नच येत नाही. तुमची बाजू शंभर टक्के खरी असताना त्या एका कुलपामुळे तुम्हीच आरोपी होता. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतात हेही विसरू नका.

नोटीस दिल्यावर खात्यात भाडं येत राहिलं तर? घ्या, पण लगेच लेखी कळवा की ही रक्कम वापराची भरपाई म्हणून आणि नोटिशीतले आमचे हक्क राखून स्वीकारतोय, मुदत वाढवलेली नाही. पावतीवर नुसतं ‘भाडे मिळाले’ लिहाल तर त्याच कागदावर समोरचा वकील नोटीस सोडून दिली म्हणून भांडेल.

शेवटी चावी घेताना घाई नको. रिकाम्या खोल्यांचे आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो त्याच्यासमोरच काढा, ताबा मिळाल्याचा आणि डिपॉझिट परत दिल्याचा एकच कागद करा, काही रक्कम कापली असेल तर कशाची ते त्यातच लिहा, दोघांच्या सह्या, तारीख, वेळ, आणि किती चाव्या परत आल्या तेही लिहा.